हुदा झोगबी आणि दुर्मीळ मेंदूविकारांचे संशोधन : एका वळशाचा इतिहास

बीजसंज्ञा : वैद्यकीय आनुवंशिकी, रेट विकारसमूह, अ‍ॅटॅक्सिया, जनुकीय उत्परिवर्तन, विज्ञानाचा इतिहास

प्रास्ताविक

विज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधाच्या तारखेला मोठे महत्त्व दिले जाते. अमुक साली अमुक जनुक सापडले, अमुक साली त्याबद्दल पुरस्कार मिळाला, अशा नोंदींतून संशोधकाचे चरित्र सिद्ध होते व संदर्भग्रंथांत त्याला जागा मिळते. या पद्धतीने पाहू गेल्यास डॉ. हुदा झोगबी यांचे चरित्र दोन तारखांत सांगून संपेल. जन्माने लेबनॉनच्या असलेल्या आणि अमेरिकेतील ह्यूस्टन ही कर्मभूमी ठरलेल्या या वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ विदुषींनी १९९३ साली सहकाऱ्यांसह अ‍ॅटॅक्सियाच्या एका आनुवंशिक प्रकाराचे जनुक शोधले आणि १९९९ साली रेट विकारसमूहाचे कारण शोधले. या दोन्ही नोंदी खऱ्याच आहेत. परंतु रेटची पहिली रुग्ण त्यांनी तपासली ती १९८३ साली. कारण हाती आले ते १९९९ साली. मधल्या सोळा वर्षांचे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

या विषयाच्या साधनांबाबत आरंभीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. झोगबी यांच्याविषयीची बरीचशी चरित्रात्मक माहिती त्यांनीच पुरस्कारांच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मकथनांतून व मुलाखतींतून आलेली आहे. यशानंतर सांगितलेल्या आठवणींत आयुष्याची रेषा नकळत सरळ होत जाते. ज्या वळणावर खरोखरीच काही ठरलेले नव्हते, तेथेही जणू पुढचा मार्ग दिसत होता, असा भास निर्माण होतो. म्हणून या आठवणी त्या त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या क्रमाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

बैरूत ते ह्यूस्टन

झोगबी यांचा जन्म १९५४ सालचा, बैरूतमधला. शालेय वयात त्यांची ओढ साहित्याकडे, विशेषतः इंग्रजी साहित्याकडे होती. आईने मात्र वेगळा सल्ला दिला. स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी विज्ञानाचे शिक्षण अधिक उपयोगी, लेखन पुढेही करता येईल, असे आईचे म्हणणे होते. (हा संवाद आपल्याकडील किती घरांतून, जवळजवळ याच शब्दांत झाला असेल, हे अध्यापकवर्गास सांगावयास नको.) बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७५ साली तेथेच वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला. विद्यार्थ्यांनी घरी न जाता विद्यापीठाच्या आवारातच राहून पहिले वर्ष कसेबसे पूर्ण केले. धाकट्या भावास बाँबच्या तुकड्याने इजा झाल्यावर आईवडिलांनी १९७६ च्या उन्हाळ्यात मुलांना टेक्सासमध्ये राहणाऱ्या बहिणीकडे पाठविले. दोन-तीन महिन्यांनी परतावयाचे, असा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही. परतीचे मार्गच बंद झाले.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ष तोवर सुरू झाले होते. उशिरा आलेल्या, अर्धवट शिक्षण झालेल्या परदेशी विद्यार्थिनीला घेण्यास बहुतेक संस्था तयार नव्हत्या. प्रवेश दिला तो टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील मेहॅरी मेडिकल कॉलेजने. १८७६ साली स्थापन झालेली ही संस्था गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय समाजास वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून उभी राहिली. पुढे जगातील अग्रगण्य पुरस्कारांच्या यादीत ज्यांचे नाव वारंवार आले, त्या संशोधिकेला संकटकाळी जागा दिली ती स्वतःच वंचितांसाठी निघालेल्या एका महाविद्यालयाने. संस्थांची प्रतवारी लावण्याच्या आजच्या काळात ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७९ साली वैद्यकीय पदवी घेऊन झोगबी ह्यूस्टन येथील बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन व त्याच्याशी संलग्न टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटल येथे बालरोगशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. हृदयरोगाकडे वळण्याचा त्यांचा विचार होता. डॉ. मार्व्हिन फिशमन यांच्या अध्यापनाच्या प्रभावाने त्या बाल-मज्जाविकारशास्त्राकडे वळल्या.

एक जर्मन निबंध आणि सतरा वर्षे

झोगबी यांच्या कार्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे मागे, व्हिएन्ना शहरात जावे लागते. १९५४ साली तेथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांच्या प्रतीक्षाकक्षात दोन मुली आपापल्या आयांच्या मांडीवर बसलेल्या होत्या. दोघींच्याही हातांची एकच विलक्षण हालचाल सतत चालू होती. हात धुतल्यासारखे, पिळल्यासारखे. रेट यांनी जुनी टिपणे काढून तशाच आणखी मुली शोधल्या आणि १९६६ साली व्हिएन्नातील एका वैद्यकीय साप्ताहिकात जर्मन भाषेतून या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. स्वीडनमध्ये बेंग्ट हागबर्ग हेही १९६० नंतरच्या काळात अशाच मुली पाहत होते. त्यांनी व त्यांच्या फ्रेंच आणि पोर्तुगीज सहकाऱ्यांनी १९८३ साली ३५ मुलींच्या अभ्यासावर आधारलेला इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला व विकारास रेट यांचे नाव दिले. त्यानंतरच हा रोग जगाला ठाऊक झाला.

इंग्रजीत न लिहिल्यामुळे सतरा वर्षे वाया गेली, असे या प्रकरणाचे तात्पर्य अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. रेट यांनी या मुलींच्या रक्तात अमोनियाचे प्रमाण वाढलेले असते, असेही नोंदविले होते व त्यास महत्त्व दिले होते. पुढे ते निरीक्षण टिकले नाही. अमोनिया वाढलेला नाही म्हणजे हा तो रोग नाही, असा समज होण्यास त्यामुळे वाव राहिला. देशी भाषेत लेखन करणाऱ्या आपणासारख्यांना भाषेचे कारण जवळचे वाटते. तरीपण डोळ्यांनी टिपलेले लक्षण अचूक असूनही प्रयोगशाळेतील एक चुकीचा आकडा शोधाची वाट कशी अडवू शकतो, हा यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे.

विकाराचे स्वरूप असे. मुलगी जन्मतः निरोगी दिसते. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत तिची वाढ बहुधा नेहमीसारखी होते. ती हसते, वस्तू पकडते, काही शब्द बोलू लागते. नंतर मिळविलेले सारे ओसरू लागते. बोलणे जाते, हातांचा हेतुपूर्वक उपयोग थांबतो, डोक्याची वाढ मंदावते, चालण्यात अस्थिरता येते, अपस्माराचे झटके व श्वासोच्छ्वासाची अनियमितता सुरू होते. साधारणपणे दहा हजार मुलींत एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते. मूल जन्मतःच आजारी असेल तर आईवडील त्या वास्तवाशी जुळवून घेऊ लागतात. येथे मात्र बोलणारे मूल डोळ्यांदेखत मुके होते आणि आपलेच काही चुकले काय, हा प्रश्न घरात कायमचा मुक्काम ठोकतो.

१९८३ साली, हागबर्ग यांचा निबंध नुकताच वाचनात आलेला असताना, प्रशिक्षणार्थी असलेल्या झोगबी यांच्यासमोर अशी एक मुलगी आली. लवकरच दुसरी आली. तिच्या कागदांवर सेरेब्रल पाल्सी असे निदान होते. झोगबी यांनी रुग्णालयातील जुनी प्रकरणे चाळून आणखी काही मुली हुडकल्या. व्हिएन्नातील रेट यांनी जे केले तेच येथे पुन्हा घडले. एक रुग्ण हा अपवाद ठरतो, दुसऱ्या रुग्णापासून प्रश्न सुरू होतो. अ‍ॅलन पर्सी प्रभृती सहकाऱ्यांसमवेत त्यांनी या मुलींच्या मेंदूभोवतालच्या द्रवातील काही रासायनिक घटकांचे प्रमाण कमी असल्याचे निरीक्षण १९८५ साली प्रसिद्ध केले. रोगाच्या मुळापर्यंत मात्र ते पोहोचत नव्हते.

वळसा

मुळाशी जावयाचे तर जनुकशास्त्र शिकणे भाग होते. झोगबी यांनी १९८५ साली बेलरमधीलच आर्थर बोडे यांच्या प्रयोगशाळेत रेणवीय आनुवंशिकीचे शिक्षण सुरू केले. तोवर त्या पूर्ण प्रशिक्षित वैद्य झाल्या होत्या. तिशी ओलांडून पुन्हा विद्यार्थिदशा पत्करणे सोपे नव्हते. रेटवरच काम करावे, ही त्यांची इच्छा होती. बोडे यांनी त्यातील अडचण दाखवून दिली. त्या काळी जनुक शोधण्याचा मार्ग मोठ्या कुटुंबांतून जात असे. अनेक पिढ्यांतील रोगी व निरोगी व्यक्तींच्या रक्ताचे नमुने घेऊन, रोगाबरोबर गुणसूत्राचा कोणता तुकडा वारशाने पुढे सरकतो ते पाहावयाचे, ही सहलग्नतेची पद्धत होय. रेटमध्ये असे कुटुंबच नव्हते. जवळजवळ प्रत्येक मुलगी आपल्या घरातील एकटीच रुग्ण होती. हा रोग आनुवंशिक आहे की नाही, याविषयीच पुष्कळांना शंका होती आणि तसे असताना त्यासाठी निधी मिळविणे दुष्कर होते.

झोगबी यांचा युक्तिवाद वेगळा होता. रोग मुलींनाच होतो, त्याची लक्षणे एका साच्यातून काढल्यासारखी असतात आणि अगदी मोजक्या घरांत दोघी बहिणींना तो झालेला आढळतो. यावरून त्याचे मूळ एक्स गुणसूत्रावर असले पाहिजे. तर्क योग्य होता, तथापि तर्कावर प्रयोगशाळा चालत नाही. म्हणून त्यांनी दुसरा विषय निवडला. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचा पहिला प्रकार, म्हणजे ज्यात लहान मेंदूतील पेशी क्रमाने नष्ट होऊन तोल, चाल, वाणी व अखेर गिळण्याची क्रियाही बिघडते, तो हा विकार. तो साधारणपणे ऐन तारुण्यात वा मध्यमवयात उद्भवतो आणि रोगी आईबापाच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. हा रोग सहाव्या गुणसूत्राशी निगडित असावा, असा अंदाज १९७० नंतरच्या दशकातच व्यक्त झाला होता. टेक्सासमध्ये अशा रोगाने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेले एक मोठे कुटुंब होते. झोगबी यांनी त्याच्या सदस्यांना तपासून वंशावळ मांडली आणि जनुकाचा शोध सुरू केला.

याच शोधात मिनेसोटा विद्यापीठाचे हॅरी ऑर हेही होते. तेथील काम शट घराण्याच्या वंशावळीवर आधारलेले होते. या घराण्यातील डॉ. जॉन शट हे स्वतः वैद्य आणि स्वतःच या रोगाचे रुग्ण. आपल्या घराण्याच्या सहा पिढ्यांचा वैद्यकीय अभ्यास त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला आणि १९५७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय अ‍ॅटॅक्सिया प्रतिष्ठानाची स्थापना केली. संशोधक, रुग्ण आणि वंशावळीतील एक नाव, या तिन्ही भूमिका एकाच माणसात एकवटल्याचे असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. १९९३ सालच्या शोधाचे श्रेय देताना ही वही आधी उघडली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

झोगबी व ऑर यांनी परस्परांशी स्पर्धा करण्याऐवजी सहकार्य पत्करले. ८ एप्रिल १९९३ रोजी दोन्ही प्रयोगशाळांना, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, एकाच दिवशी तीच गोष्ट दिसली. जनुकाच्या एका भागात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. निरोगी माणसात ती मर्यादित असते. रुग्णांत ती साधारणतः चाळीसच्या पुढे, काहींत ऐंशीपर्यंत गेलेली आढळली. पुनरावृत्ती जितकी लांब, तितका रोग लवकर सुरू होतो. वारशाने पुढे जाताना, विशेषतः पित्याकडून, ती आणखी लांबते. आजोबांना साठीच्या सुमारास, मुलाला चाळिशीत आणि नातवाला विशीतच रोग जडावा, हे वैद्यांना पूर्वीपासून दिसत आलेले चित्र त्यामुळे उलगडले. हंटिंग्टन रोगाच्या जनुकातही अशीच वाढ असल्याचा शोध त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झाला होता. दोन वेगळ्या वाटणाऱ्या रोगांचे मूळ एकाच प्रकारचे निघाले.

या काळात झोगबी यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीतील एका जनुकाचे उंदरातील प्रतिरूप शोधून, ते लहान मेंदूतील विशिष्ट पेशी व अंतर्कर्णातील श्रवणपेशी यांच्या घडणीस अनिवार्य असल्याचे १९९७ व १९९९ साली दाखविले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

परतणे

अ‍ॅटॅक्सियाच्या कामाने झोगबी यांस नाव, पद व साधने दिली. तथापि रेटचे काम त्यांनी कधी बंद केले नव्हते, हे शोधनिबंधांच्या क्रमावरूनही दिसते. रुग्णांच्या मातांमध्ये एक्स गुणसूत्र निष्क्रिय होण्याची रीत कशी आहे, एकाच आईच्या पण भिन्न पित्यांच्या दोन रुग्ण मुलींत एक्स गुणसूत्राचा कोणता भाग समान आहे, असे लहान लहान प्रश्न १९९० च्या आसपास त्यांनी हाताळले. त्यांतून उत्तर मिळाले नाही. कोठे शोधू नये, एवढे कळत गेले. १९९६ साली हॉवर्ड ह्यूजेस वैद्यकीय संस्थेने त्यांची संशोधक म्हणून नेमणूक केली. ही संस्था प्रकल्पाला नव्हे तर व्यक्तीला निधी देते. ज्या प्रश्नाचे उत्तर तीन वा पाच वर्षांच्या प्रस्तावात बसविता येत नाही, त्याला अशाच व्यवस्थेत जागा मिळते. आपल्याकडील वार्षिक गुणांकनाच्या तक्त्यात ‘कोठे शोधू नये ते कळले’ या प्रकारच्या फलिताला कोणता रकाना आहे, हे हा तक्ता दरवर्षी भरणाऱ्यांनीच सांगावे.

१९९८ साली ब्राझीलमधील एका कुटुंबाच्या अभ्यासातून अन्य संशोधकांनी रेटचे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असलेल्या एक्सक्यू-२८ या विभागात असल्याचे निश्चित केले. त्या विभागातील जनुके एकेक करून तपासण्याचे काम झोगबी यांच्या प्रयोगशाळेत रूथी अमीर या संशोधिका करीत होत्या. एकामागून एक जनुक निर्दोष निघत होते. अखेर १९९९ साली एमईसीपी-२ नावाच्या जनुकात दोष सापडला. स्टॅनफर्डच्या उटा फ्रँके यांच्या सहकार्याने तो निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला.

निबंधातील आकडे पाहण्यासारखे आहेत. एकट्या रुग्ण असलेल्या २१ मुलींपैकी केवळ ५ मुलींत त्या वेळी उत्परिवर्तन सापडले. आज लक्षणे पूर्णपणे जुळणाऱ्या मुलींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींत ते सापडते. म्हणजे प्रसिद्धीच्या क्षणी पुरावा अपुराच भासला असता. पण तो निर्णायक ठरला, कारण ही उत्परिवर्तने या मुलींत नव्याने उद्भवलेली होती, आईवडिलांत ती नव्हती. त्याच निबंधात दोन सावत्र बहिणींची नोंद आहे. दोघींत एकच उत्परिवर्तन होते. दोघींची आई एकच. आणि आईच्या रक्तात मात्र त्याचा मागमूस नाही. तिच्या काही बीजपेशींतच ते असले पाहिजे, असा निष्कर्ष काढावा लागला. कुटुंबाच्या मार्गाने हा रोग इतकी वर्षे हाती का लागत नव्हता, याचे उत्तर या एका घराने दिले. पुढील अभ्यासांतून असेही दिसून आले की, बहुतेक वेळा हे उत्परिवर्तन पित्याच्या शुक्रपेशीत नव्याने घडते. पिता आपले एक्स गुणसूत्र मुलीलाच देतो, मुलाला नव्हे. रोग प्रामुख्याने मुलींत का दिसतो, याचे एक कारण त्यात आहे. मुलाला तो दोष मिळाला तर त्याच्याजवळ दुसरे एक्स गुणसूत्र नसल्याने त्याची अवस्था बहुधा जन्मापासूनच फार गंभीर असते.

एमईसीपी-२ जनुकाचे प्रथिन काही अज्ञात नव्हते. एडिंबरो येथील एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने त्याचे वर्णन १९९२ सालीच केले होते. डीएनएवर ज्या जागी मिथिल गट जोडलेला असतो, त्या जागेस चिकटणारे हे प्रथिन होय. बर्ड यांचा विषय जनुकांच्या नियमनाचा. कोणत्याही रोगाचा नव्हता. वैद्यकाचा रुग्णशय्येपासून निघालेला मार्ग आणि शुद्ध जीवशास्त्राचा मार्ग १९९९ साली अनपेक्षितपणे एका जागी मिळाले. या दोघांना २०१६ चा शॉ पुरस्कार व २०२० चा ब्रेन पुरस्कार संयुक्तपणे मिळाला, तो या मिलनाचाच गौरव होय.

मात्रेचा प्रश्न

झोगबी यांच्या संशोधनातील सर्वांत मौलिक भाग प्रस्तुत लेखकास याच्या पुढचा वाटतो; चरित्रपर लेखांत त्याला तुलनेने कमी जागा मिळते. २००४ साली त्यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनाचे प्रमाण सुमारे दुप्पट असलेले उंदीर तयार केले. प्रथिन कमी झाल्याने रोग होतो. मग अधिक असल्यास अपाय नसावा, अशी सहज अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते उंदीर वाढत्या वयाबरोबर मज्जाविकाराने ग्रस्त झाले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील संशोधकांनी बौद्धिक विकासात मागे पडलेल्या काही मुलग्यांमध्ये हे जनुक दुप्पट झालेले असल्याचे प्रसिद्ध केले. उंदरातील निरीक्षणाला माणसातील प्रतिरूप मिळाले. या मुलग्यांच्या माता वाहक असूनही बहुधा निरोगी राहतात, कारण त्यांच्या पेशींत दोष असलेले एक्स गुणसूत्र प्रायः निष्क्रिय होते.

आपल्या परंपरेत ‘मात्रा’ हा शब्द औषधालाही लागतो आणि त्याच्या प्रमाणालाही. मेंदूतील पेशीलाही असेच प्रमाण सांभाळावे लागते, असे येथे दिसते. अ‍ॅटॅक्सियाच्या कामातही हाच धागा सापडतो. त्या विकारातील सदोष प्रथिन पेशीतून नीट निचरून जात नाही, ते साठून राहते. म्हणून त्याची पातळी थोडी जरी कमी करता आली तरी उंदरांत रोग सौम्य होतो, असे झोगबी व ऑर यांच्या गटांनी २०१३ साली दाखविले. दोन रोग, दोन वेगळी जनुके आणि विचार एकच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नाइलाजाने घेतलेला वळसा मूळ रस्त्याला असा येऊन मिळाला. आधीच ठरवून कोणी असा आराखडा केला असता, असे म्हणता येणार नाही.

बर्ड यांच्या गटाने २००७ साली आणखी एक धक्का दिला. जनुक बंद ठेवून आजारी पाडलेल्या उंदरांत ते पुन्हा सुरू केल्यावर, प्रौढ वयातही लक्षणे मोठ्या प्रमाणात माघारी गेली. मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या, केवळ खोळंबलेल्या होत्या. झोगबी यांच्या गटाने २०१५ साली दुसऱ्या बाजूने तेच सिद्ध केले. जनुक दुप्पट असलेल्या प्रौढ उंदरांत त्याची अतिरिक्त निर्मिती रोखल्यावर ते सुधारले.

‘दुर्मीळ’ हा शब्द

अशा रोगांसाठी आपण सरसकट ‘दुर्मीळ’ हा शब्द वापरतो, त्याचाही येथे विचार करणे इष्ट होईल. दुर्मीळता ही रोगाची अंगभूत गोष्ट नाही. ती स्थळ व समाज यांवर अवलंबून असते. अ‍ॅटॅक्सियाचा बारावा प्रकार १९९९ साली अमेरिकेत, जर्मन वंशाच्या एका कुटुंबात प्रथम आढळला आणि जगात तो अत्यंत विरळ मानला गेला. २००१ नंतरच्या भारतीय अभ्यासांतून तो उत्तर भारतातील अगरवाल समाजात लक्षणीय प्रमाणात असल्याचे उघड झाले. पहिल्या प्रकाराचे, म्हणजे झोगबी व ऑर यांनी उलगडलेल्या रोगाचे, मोठे प्रमाण तमिळनाडूतील एका समाजात आढळल्याचे वृत्त २००५ साली प्रसिद्ध झाले. ह्यूस्टन आणि मिनेसोटा येथील घराण्यांच्या रक्तातून निघालेल्या चाचणीमुळेच तेथे निदान शक्य झाले. भारत सरकारने दुर्मीळ रोगांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले ते २०२१ साली. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे. धोरणाचा भर अर्थातच उपचार उपलब्ध असलेल्या रोगांवर आहे. ज्यावर उपचारच नाही त्याच्या रुग्णाला धोरणातही बाहेरच्या ओसरीवर थांबावे लागते.

देणे आणि घेणे

झोगबी यांना मिळालेल्या सन्मानांची यादी दीर्घ आहे. २०१० साली ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या डंकन मज्जासंशोधन संस्थेच्या त्या संस्थापक-संचालक. २०१७ चा ब्रेकथ्रू पुरस्कार, २०२२ चा कावली पुरस्कार ऑर व अन्य दोघांसमवेत. ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर हे सारे उभे राहिले, त्या घरांच्या पदरात काय पडले, हा हिशेबही इतिहासकाराने मांडला पाहिजे. तो संमिश्र आहे.

रेटच्या मुलींसाठी पहिले औषध, ट्रोफिनेटाइड, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. ते लक्षणांत काही सुधारणा घडविते. मूळ दोष दूर करीत नाही. जनुकोपचाराच्या मानवी चाचण्याही २०२३ पासून सुरू झाल्या. तेथे पुन्हा मात्रेचाच प्रश्न उभा राहतो : पेशीत जनुक पोहोचवावयाचे, पण जास्त नव्हे. २०२४ साली अशा एका चाचणीत मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाचा, जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध शरीरात उसळलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे मृत्यू झाला आणि ती मात्रा थांबविण्यात आली. या चाचणीत मुलीला दाखल करावे की नाही, हे ठरविणाऱ्या आईवडिलांसमोर २००७ सालच्या उंदरांचे चित्रही असते आणि ही बातमीही.

एक लाभ मात्र १९९९ नंतर लगेचच मिळाला. निदान रक्ताच्या चाचणीने होऊ लागले. गरोदरपणात काही चुकले, बाळाला कोणी नीट सांभाळले नाही, अशा आरोपांचे ओझे वाहणाऱ्या मातांना, दोष नव्याने उद्भवलेल्या एका अक्षराचा आहे, हे कागदावर दाखविता आले.

अ‍ॅटॅक्सियाच्या घरांत चाचणीचा अर्थ निराळा आहे. रोग थांबविणारे औषध १९९३ नंतर तीन दशके उलटली तरी हाती आलेले नाही. वडिलांचा तोल जाताना पाहिलेल्या विशीतल्या मुलाला, आपल्या जनुकातील पुनरावृत्तीचा आकडा आज काही दिवसांत कळू शकतो. म्हणून अशा चाचणीपूर्वी समुपदेशन आवश्यक मानले जाते, प्रौढ व्यक्तीच्या संमतीशिवाय ती करीत नाहीत आणि तसा आकडा न जाणून घेण्याचा त्याचा अधिकारही मान्य केला जातो. वंशावळीतील जी माणसे १९८० नंतरच्या दशकात दंड पुढे करून बसली, त्यांच्या मुलानातवंडांपैकी काही जण तो आकडा विचारतात, काही विचारत नाहीत.